हंपीच्या विठ्ठल मंदिरात चप्पल काढावी का?

भीमाकाठ

मागच्या पौषात आईला घेऊन हंपीला जाऊन आलो. रीतसर प्रवासवर्णन लिहायला बसलो होतो, पण पहिल्याच दिवसाच्या एका प्रसंगापाशी गाडी अडली ती अडलीच. म्हणून वर्णन राहू दे, तेवढंच विचारतो.

आई बहात्तर वर्षांची. गळ्यात माळ, आषाढीची वारी कधी चुकवलेली नाही. मला हंपी म्हणजे दगडी रथ, खडकांचे ढीग, कृष्णदेवराय वगैरे. तिच्या लेखी मात्र ते 'भानुदास महाराजांनी जिथून विठोबा परत आणला ते गाव'. (विजयनगरच्या राजाने पंढरपूरची मूर्ती इथे आणली आणि संत भानुदासांनी ती परत नेली, अशी कथा आहे.) एवढ्यासाठीच तिला जायचं होतं. पंढरपूरहून गोलगुंबझ एक्सप्रेस धरली, गदगला उतरलो, तिथून होस्पेट. पंढरपूर स्टेशनात गाडीत बसताना ती म्हणाली, "त्यानं आलेल्या वाटेनं उलटं जायचं." रेल्वेच्या वेळापत्रकात असलं काही नसतं, पण बरोबर होतं.

विठ्ठल मंदिराकडे जायला गेज्जल मंडपापाशी गाडी लावावी लागते. पुढचा किलोमीटरभर बॅटरीवरची गाडी नेते. दोन्ही अंगाला जुन्या बाजाराच्या खांबांच्या रांगा, छप्पर जवळपास कुठेच नाही, मधे कोरडी पुष्करणी. गोपुराचा खालचा भाग दगडी आणि शाबूत, वरचा विटांचा. चुन्याची कामं गळून गेलीत, त्यामुळे वरून ते वारुळासारखं दिसतं.

दारातच आईने वाकून चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, "अम्मा, चप्पल चलेगा. यहाँ पूजा नहीं है." आईला हिंदी कळतं. ती मला म्हणाली, "पूजा नाही हे त्याचं काम. देऊळ आहे ना?" आणि चपला पिशवीत घालून आत गेली.

सकाळचे अकरा. जानेवारीत काय ऊन असणार असं मला वाटलं होतं. पण ती फरसबंदी तव्यासारखी. आई एका सावलीतून दुसऱ्या सावलीत, रांगोळीच्या ठिपक्यांवरून चालावं तशी चालत होती. रथाच्या सावलीत थांबली. कनवटीच्या बटव्यातून पन्नासची नोट काढली, उलटी केली आणि रथाशी ताडून बघितली. मग पुढे हत्तींपाशी गेली आणि म्हणाली, "हे हत्ती ह्या गाडीचे नव्हेत. मागं बघ." खरंच, हत्तींच्या मागे दगडात घोड्याचे मागचे पाय आणि शेपटी शिल्लक आहे. आधी घोडे होते, हत्ती नंतर कुणीतरी आणून बसवले. मी तीन वेळा हंपीला गेलोय, कधी दिसलं नव्हतं. जन्मभर बैल जुंपलेल्या बाईला दिसलं.

मोठा सभामंडप दोरी लावून बंद होता. बाजूच्या पायऱ्यांनी आत गेलो. गाभाऱ्यात अंधार, वटवाघळांचा वास, आणि काही नाही. मूर्ती नाही, पूजा नाही, समई नाही. मी मनाची तयारी करून होतो की आता ही रडणार. आपण सगळेच अशा जागी गेलो की जरा गप्प होतो ना, तसं काहीतरी.

आईने दाराच्या चौकटीला हात लावून आत डोकावलं आणि ती हसली. अगदी मनापासून. "मोकळं आहे की रे! म्हणजे नेलाच भानुदासांनी. आपला घरी आहे."

मग कमरेची डबी काढून उंबऱ्याला बोटभर बुक्का लावला. तेवढ्यात रखवालदार मागून आला आणि "नको, नको" करायला लागला. आई म्हणाली, "पूजा नाही बाबा, नमस्कार केला." त्याने ओलं फडकं आणून उंबरा पुसला. तो पुसत असताना आईने आमच्या बाटलीतलं पाणी त्याच्या फडक्यावर ओतलं. दोघांचंही काही बिनसलं नाही. बिनसलं ते माझं. संध्याकाळी लॉजवर तिच्या दोन्ही तळपायांना फोड. खोबरेल लावत मी चिडचिड करत होतो आणि ती शांतपणे जप करत होती.

तर प्रश्न दोन. जिथे देव नाही अशा भग्न देवळात तुम्ही चप्पल काढता का? आणि बुक्का लावणं चुकलं का?

---

दगडधोंडे

धागा आवडला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. चुकलं. आईंचा भाव कितीही चांगला असला तरी. एकीने बुक्का लावला की दुसरी कुंकू लावते, तिसरा तेलाचा दिवा ठेवतो, आणि दहा वर्षांत कोरीवकामावर काळा थर चढतो. आपल्याकडच्या किती वीरगळांना लोकांनी ऑइलपेंट फासलाय ते आठवा.

नियम साधारण असा आहे: पुरातत्त्व खात्याने वास्तू संरक्षित केली तेव्हा तिथे पूजा चालू असेल तर ती चालू राहते, बंद असेल तर नव्याने सुरू करता येत नाही. म्हणून त्याच गावात विरूपाक्षाच्या देवळात घंटा वाजते, अभिषेक होतो, चपला बाहेर काढाव्या लागतात. आणि विठ्ठल मंदिरात तिकीट काढून बूट घालून फिरता येतं.

आता पायाच्या फोडांबद्दल. हंपीचा दगड ग्रॅनाइट, वय अडीच अब्ज वर्षांच्या आसपास. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट त्यापुढे अगदी पोरसवदा, साडेसहा कोटी वर्षांचा. तिथले खडक एवढे गोल गोल का, असं सगळे विचारतात. भूकंपाने पडलेले नाहीत ते. जमिनीखाली असतानाच भेगांमधून पाणी मुरून कडा झिजत गेल्या, मग वरची माती वाहून गेली आणि आतले गोटे उघडे पडले. पुढच्या वेळी गेलात तर खडकांवर एका ओळीत आयताकृती खाचा दिसतील, टाके घातल्यासारख्या. त्या पाचरी ठोकायच्या जागा. तशा खाचा पाडून, पाचरी मारून दगड सरळ चिरायचे. काही खडकांवर खाचा आहेत पण दगड चिरलेलाच नाही. काम अर्धवट सोडून माणसं गेली. मला रथापेक्षा तेच जास्त बघावंसं वाटतं.

(चप्पल मी काढत नाही. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मात्र आपोआप निघते. का ते विचारू नका.)

---

सुनेत्रा_प

'आपला घरी आहे' वाचून अंगावर काटा आला. बाकी ते दगड, खाचा नंतर वाचते.

व्यवहाराचं सांगते: जाड सुती मोजे. गोमटेश्वराला पायऱ्या चढताना सगळे तेच करतात. चप्पलही नाही आणि फोडही नाहीत.

---

कानडी_सून

माहेर मिरज, सासर हुबळी, त्यामुळे दोन्हीकडून बोलते.

आमच्या सासूबाई हंपीला गेल्या की विठ्ठल मंदिरात कधी बॅटरीच्या गाडीने जात नाहीत. विरूपाक्षाच्या बाजारातून नदीकाठाने चालत जायचं, कोदंडराम, चक्रतीर्थ करत, तासभर लागतो. वाटेत नदीत उतरलेला एक साधा मंडप आहे, पुरंदर मंडप. कन्नड संतकवी पुरंदरदास तिथे बसून पदं रचायचे असं मानतात. नदीला पाणी चढलं की मंडप अर्धा बुडतो. सासूबाई तिथे चप्पल काढतात, एक पद म्हणतात, पुन्हा चप्पल घालतात आणि विठ्ठल मंदिरात चपलेसकट जातात! मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, तिथे दास बसले होते, इथे राजे नाचवायचे.

आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा येते, नामा म्हणे किंवा तुका म्हणे असतं तशी. विजय विठ्ठल, गोपाल विठ्ठल अशा मुद्रा घेतलेले दासही आहेत. म्हणजे पंढरपूरची मूर्ती नेली-आणली ते काहीही असो, तुंगभद्रेच्या काठी विठ्ठल पाहुणा नव्हता. आमच्या घरी तर तो घरचाच. त्यामुळे 'आपला घरी आहे' यातलं 'आपला' जरा वाटून घ्या ही विनंती :)

---

मिरज_जंक्शन

पुरंदरदास आपल्या पुण्याजवळच्या पुरंदरगडाचे ना? सावकार होते, सगळं वाटून टाकलं आणि विजयनगरला गेले.

---

कानडी_सून

आलंच का ते! परंपरा तसं म्हणते खरं, पण कर्नाटकात आता शिवमोग्ग्याकडचं क्षेमपुर हे जन्मगाव म्हणून पुढे केलं जातं. यावर माझ्या घरी जेवताना वाद झालेत, इथे नको.

---

चिकित्सक

भावनांचा आदर ठेवून थोडं विरजण घालतो.

भानुदास म्हणजे एकनाथांचे पणजोबा. परंपरेने त्यांचा काळ १४४८ ते १५१३ देतात. कृष्णदेवराय गादीवर आला १५०९ मध्ये. म्हणजे कथा खरी धरली तर मूर्ती नेणं, भानुदासांनी जाणं, देवाचा हार त्यांच्याकडे सापडणं, चोरीबद्दल सुळाची शिक्षा, सुळाला पालवी फुटणं, मूर्ती परत येणं, हे सगळं चार वर्षांत बसवावं लागतं. बसतं, पण घट्ट बसतं. काही कथांत राजाचं नाव रामराजा येतं. रामरायाच्या हाती कारभार आला १५४२ नंतर. तेव्हा तर मुळीच जुळत नाही.

दुसरं. हे देऊळ कृष्णदेवरायाने पंढरपूरच्या मूर्तीसाठी बांधलं असं गाईड ठोकून देतात. मूळ देऊळ त्याच्या आधीचं मानतात, दुसऱ्या देवरायाच्या काळातलं. कृष्णदेवरायाच्या राण्यांनी १५१३ मध्ये गोपुरं बांधली, त्याने स्वतः १५१६ मध्ये शंभर खांबांचा मंडप बांधला.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मंदिर अपुरं राहिलं, मूर्ती कधी बसलीच नाही, अशीही एक आवडती थाप आहे. त्या आवारात १५५४ साली बांधलेला एक मंडप आहे, उय्याले मंडप. उय्याले म्हणजे झोपाळा. देवाला झोक्यावर बसवायचा मंडप. भानुदास जाऊन चाळीस वर्षं झालेली. गाभारा जर रिकामा होता, तर झोका कुणाला बांधला?

तेव्हा १५६५ पर्यंत तिथे विठ्ठलाची कुठली ना कुठली मूर्ती होती आणि तिची साग्रसंगीत पूजा चालू होती. गाभारा मोकळा झाला तो तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरल्यानंतर. भीमाकाठ, आईंना हे सांगायलाच हवं असं नाही.

---

तळ्यातमळ्यात

चिकित्सक, झोक्याचा मुद्दा जबरी. वाखू (वाचनखूण) साठवली.

---

रणगाजी

म्हणजे शेवटी कुणी फोडलं ते सांगायला सगळे कचरताय. चार-चार सुलतान एकत्र येऊन सहा महिने शहर जाळत होते, आणि आपण इथे चपला काढायच्या का यावर चर्चा करतोय. यावर कधी

*(प्रतिसादाचा उरलेला भाग काढून टाकला आहे. – व्यवस्थापन)*

---

चिकित्सक

कुणी कचरत नाहीये. २३ जानेवारी १५६५, अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बिदर. रामरायाचं डोकं मारलं ते अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने. म्हणजे आपल्याच नगरच्या फौजेने, आणि त्या फौजेत मराठी बोलणारी माणसंही असणारच. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ नगरलाच ओतलेली. आणि ह्याच रामरायाने आधीची वीस वर्षं एका सुलतानाला दुसऱ्यावर घालण्यात घालवली होती. सरळ रेघ ओढता येत नाही एवढंच.

---

व्यवस्थापन

तालिकोटसाठी वेगळा धागा काढावा. इथे देऊळ बघण्याबद्दलच बोलावे.

---

मुक्काम_पोस्ट

मी सहलींसोबत जाणारा माणूस, वर्षातून दोनदा तरी हंपी होते. चप्पल काढा-न काढा, आधी हात आवरा म्हणतो मी.

संगीत खांबांचा सभामंडप बंद ठेवलाय तो काही उगीच नाही. एका मोठ्या खांबाभोवती बारीक खांबांचा जुडगा, सगळं एकाच दगडातून काढलेलं. बोटाने टिचकी मारली की घणघणतं. पण टिचकीवर कोण थांबतो? नाणं, किल्ली, काठी. प्रत्येक गाईडची गोष्ट ठरलेली: आत काय आहे ते बघायला इंग्रजांनी दोन खांब कापले आणि आत काहीच निघालं नाही. काही निघणार कसं, भरीव ग्रॅनाइट आहे. बारीक, लांब आणि दोन्ही टोकांना धरलेला दगड वाजतो.

रथाचंही तेच. तो एका दगडातला आहे असं शाळेच्या सहलीला हमखास सांगतात. नाही. अनेक दगड आहेत, सांधे कोरीवकामात लपवलेत. आणि तो रथ म्हणून नाही, गरुडाचं देऊळ म्हणून बांधलेला, म्हणून विठ्ठलासमोर. चाकं पूर्वी फिरायची, लोकांनी फिरवून फिरवून झिजवली, शेवटी पक्की करून टाकली. ग्रीनलॉ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८५६ मध्ये काढलेल्या फोटोत रथावर विटांचं छोटं शिखर आहे. आता नाही. म्हणजे तालिकोटनंतर तीनशे वर्षं टिकलेलं शिखर नंतरच्या काळात गेलं. पन्नासच्या नोटेवर आहे तो बिनशिखराचा रथ.

हंपीतल्याच दुसऱ्या एका देवळाचा खांब चार पोरांनी ढकलून पाडला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याचा व्हिडिओ पसरला, आठवत असेल. कोर्टाने प्रत्येकी सत्तर हजार दंड केला आणि खांब त्यांच्याच हातांनी उभा करायला लावला. मी तेव्हापासून प्रत्येक ग्रुपला बसमध्येच हे सांगतो. रक्कम ऐकली की शिस्त येते.

---

अनुराधा_क

भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत, विसर्जन करतात, असं आजी म्हणायची. त्या हिशोबाने अख्खं हंपी विसर्जन केल्यासारखंच. मग चप्पल कशाला काढायची? पण उग्र नरसिंहापुढे माझी हिंमत झाली नाही.

---

दगडधोंडे

नरसिंहाचा विषय निघालाच आहे तर. पावणेसात मीटर उंच, १५२८ चा, एकाच खडकातला. सगळे समोरून फोटो काढतात, डोळे, सुळे, वरचा शेषाचा फणा. त्याच्या मांडीवर लक्ष्मी होती, ती फोडली. लोक म्हणतात लक्ष्मी नाहीशी झाली. पूर्ण नाही झाली. बाजूला जाऊन मागून बघा. नरसिंहाच्या पाठीवर तिचा हात अजून आहे. बोटं, अंगठ्या, सगळं. बाकीची ती नाही, फक्त मिठी मारलेला हात.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा शेजारी एक कॉलेजचा ग्रुप सेल्फी काढत होता. त्यांना बोलावून दाखवला. एक मिनिट कुणी बोललं नाही, मग एकाने विचारलं, "सर, बाकीची कुठंय?"

शेजारच्या बडविलिंगाची गंमतही बघण्यासारखी. पाण्यात उभं, तीनेक मीटर उंच, छप्पर फुटलेलं. तिथे वर्षानुवर्षं एक म्हातारे पुजारी रोज पाण्यात उतरून लिंगावर चढून भस्म लावायचे. देवाच्या अंगावर चढूनच पूजा. अर्थात अनवाणी.

---

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार. बुक्क्याबद्दल दगडधोंडे यांचं म्हणणं मान्य. आईलाही वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "पुसला ना त्यानं? मग झालं." पण डबी पुढच्या वेळी लॉजवर ठेवीन असं कबूल केलंय.

चिकित्सक, तुमचा झोक्याचा प्रतिसाद वाचून दाखवावा की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी दाखवला. मला वाटलं खट्टू होईल. तिने सगळं नीट ऐकलं, मधे दोनदा थांबवून 'कुठल्या साली?' विचारलं. मग म्हणाली, "मग दुसरा असेल. एक आपला, एक त्यांचा. त्यांचा कुठं गेला?"

आता हे मला कुणी सांगा. मी इतकी वर्षं तिथे जातोय, खांब मोजलेत, रथाचे फोटो काढलेत, आणि 'त्यांचा' विठ्ठल कुठे गेला हा प्रश्न मला कधी पडला नाही. रिकामा गाभारा बघून मी हळहळायचो ते एकंदरीत, सरसकट. ती आधी आपला सुखरूप आहे म्हणून खूश झाली, आणि दुसरा होता हे कळल्यावर त्याची चौकशी करत बसलीय. काल रात्री झोपताना पुन्हा विचारलं, "त्यांच्या कानडी लोकांना काही माहीत असेल का? त्या मिरजेच्या मुलीला विचार."

कानडी_सून, म्हणून विचारतो.

---

कानडी_सून

'मिरजेची मुलगी' म्हटल्याबद्दल आईंना नमस्कार सांगा, पन्नाशीत असं कोण म्हणतं!

सासूबाईंना विचारलं. त्यांना माहीत नाही. नदीत सोडला असेल म्हणाल्या, तुंगभद्रा तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पुजाऱ्यांनी घाईत आणखी काय केलं असतं. हा अंदाज आहे, इतिहास म्हणून कुणी पुढे ढकलू नका. पण त्या लगेच असंही म्हणाल्या की त्या बाईंना घेऊन ये, नदीच्या वाटेने चालत जाऊ, पुरंदर मंडपात बसू.

---

भीमाकाठ

आई तयार आहे. मोजे आणलेत दोन जोड, एक तुमच्या सासूबाईंना. कार्तिकी झाली की निघतो.

मुक्काम_पोस्ट, गदगला उतरल्यावर होस्पेटची पुढची गाडी मागच्या वेळी फार वेळाने मिळाली, आईला बाकावर बसून राहावं लागलं. बस बरी पडेल का?

---

मुक्काम_पोस्ट

नव्वदेक किलोमीटर आहे, पण वयस्क माणूस बरोबर असेल तर गाडीच बरी, पाय सोडून बसता येतं. कोप्पळच्या आसपास उजेड असला तर आईंना खिडकीशी बसवा, तिथूनच खडकांचे ढीग दिसायला लागतात.